सोलापूरचं ड्रेस्डेन करायचं म्हणता?

सोलापूरच्या बंद गिरण्यांचा विषय निघाला की हमखास एक युक्तिवाद फॉरवर्ड होऊन येतो. थोडक्यात तो असा: बर्लिनची भिंत पडल्यावर पूर्व जर्मनीतलं ड्रेस्डेन पार बसलं होतं. सरकारने भरघोस अनुदान देऊन परदेशी चिप कंपनी आणली आणि शहर उभं राहिलं, पाठोपाठ ते ज्यात आहे ते अख्खं सॅक्सनी राज्यही. तेव्हा सोलापूरलाही एक सेमीकंडक्टर म्हणजे चिपचा कारखाना द्या, बाकीचं आपोआप होईल.

ड्रेस्डेन उभं राहिलं याबद्दल वाद नाही. युरोपात बनणाऱ्या दर तीन चिपपैकी एक सॅक्सनीत बनते, असं तिथली उद्योग संघटना सांगते. पण गोष्टीतलं बाकीचं जवळपास सगळं घसरतं.

पहिला दावा, ड्रेस्डेनने शून्यातून सुरुवात केली. हे साफ चूक आहे. १९६१ साली, म्हणजे भिंत बांधली गेली त्याच वर्षी, वेर्नर हार्टमान या भौतिकशास्त्रज्ञाने ड्रेस्डेनमध्ये सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक्सचं संशोधन केंद्र काढलं. (पुढे १९७४ मध्ये तिथल्या गुप्त पोलिसांनी संशय घेऊन त्यालाच बाहेर काढलं. पण ते केंद्र वाढत गेलं.) १९६९ मध्ये स्थापन झालेला, संगणक बनवणारा रोबोट्रॉन हा अवाढव्य सरकारी उद्योगसमूह पुढे याच शहरातून चालायचा. अखेरच्या वर्षांत त्यात साठ हजारांहून जास्त माणसं होती. सप्टेंबर १९८८ मध्ये ड्रेस्डेनमध्ये घडवलेली एक मेगाबिटची चिप राष्ट्रप्रमुख होनेकर यांना वाजतगाजत दाखवली गेली. धंदा म्हणून तो प्रकार तोट्याचाच होता, जपानी कंपन्या तोवर तशा चिप ढिगाने विकत होत्या. पण अतिस्वच्छ खोलीत काम कसं करायचं, सिलिकॉनच्या चकतीवर थर कसे चढवायचे, बिघाड कुठे शोधायचा, हे शिकलेली हजारो माणसं त्या तोट्यातून तयार झाली.

तीच माणसं १९९० नंतर बेकार झाली. १९९३ मध्ये सीमेन्सने तिथे चिपचा कारखाना काढायचं ठरवलं, १९९६ मध्ये अमेरिकेच्या एएमडी या चिप कंपनीने पायाभरणी केली, तेव्हा भरतीला उभं राहणारं मनुष्यबळ तयारच होतं. शेजारचं फ्रायबर्गही तसंच. चांदीच्या खाणींचं गाव, १७६५ सालापासूनची खाणकाम अकादमी, आणि पूर्व जर्मनीच्या काळापासून सिलिकॉन शुद्ध करायचा अनुभव. चिपसाठी लागणाऱ्या चकत्या आजही तिथे बनतात. म्हणजे माणूसच नव्हे, कच्चा मालही तासाभराच्या अंतरावर. सॅक्सनीचे तेव्हाचे मुख्यमंत्री कुर्ट बीडेनकोप्फ यांनी पैसा सगळीकडे थोडाथोडा न वाटता मोजक्या ठिकाणी ओतला, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण विरजण आधीपासून होतं, त्यांनी दूध ओतलं. फॉरवर्डमध्ये फक्त दूध आहे.

दुसरा दावा, अनुदान वाढवलं की कंपनी येतेच. याचं उत्तर द्यायला ड्रेस्डेनहून फार लांब जावं लागत नाही. माग्डेबुर्ग हे पूर्व जर्मनीतलंच, अवजड यंत्रांचं शहर. १९९० नंतर तिथले प्रचंड कारखाने कोसळले आणि हजारो कामगार घरी बसले. मार्च २०२२ मध्ये इंटेल या अमेरिकी चिप कंपनीने तिथे १७ अब्ज युरोंचा प्रकल्प जाहीर केला. २०२३ मध्ये आकडा ३० अब्जांवर गेला आणि सरकारी मदतीचं आश्वासन ९.९ अब्जांवर. जागा मुक्रर झाली तीही जर्मनीतल्या उत्तमोत्तम काळ्या जमिनीत. सप्टेंबर २०२४ मध्ये इंटेलने काम दोन वर्षं पुढे ढकललं आणि जुलै २०२५ मध्ये प्रकल्प रद्दच केला. माग्डेबुर्गचं काही चुकलं म्हणून नाही. इंटेलचा स्वतःचाच ताळेबंद बिघडला होता, निर्णय कॅलिफोर्नियात झाला.

आपल्याकडचं उदाहरण तर ताजं आहे. २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा चिप प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला म्हणून महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतूनच बाहेर पडली. पळवापळवीचं राजकारण मात्र अजून चालू आहे.

तिसरा दावा नोकऱ्यांचा. माग्डेबुर्गमध्ये थेट नोकऱ्या मिळणार होत्या सुमारे ३,०००. भागाकार करून बघा: एका नोकरीमागे एक कोटी युरो गुंतवणूक, त्यातले ३३ लाख युरो करदात्यांचे. ड्रेस्डेनमध्ये तैवानच्या टीएसएमसीचा भागीदारीतला कारखाना उभा राहतोय, तिथे सुमारे २,००० नोकऱ्यांसाठी ५ अब्ज युरोंची मदत आहे. युरोपला चिपसाठी आशियावर अवलंबून राहायचं नाही, म्हणून हा खर्च समजू शकतो. पण त्याला रोजगार योजना म्हणू नका. यंत्रमागावर आयुष्य काढलेल्या पन्नाशीच्या कामगाराला त्या अतिस्वच्छ खोलीत कोण घेणार आहे? पुरवठादारांकडे नोकऱ्या निघतात हे खरं, पण पुरवठादार जवळ असतील तर. नसतील तर कंटेनर येतात.

अख्खं राज्य वर आलं, हा चौथा दावा. सीमेन्स आणि एएमडी दोघांचंही बस्तान बसल्यानंतर, २००५ साली, सॅक्सनीतली बेकारी अठरा टक्क्यांच्या आसपास होती. ड्रेस्डेनच्या ईशान्येला होयर्सवेर्डा हे लिग्नाइट कोळशाच्या जिवावर वाढलेलं गाव आहे. १९८० च्या दशकात तिथे सत्तर हजारांच्या घरात वस्ती होती, आज त्याच्या निम्मीही नाही. चिपची राजधानी एवढ्या जवळ असून.

आणि एकदा आली की कंपनी कायमची, हेही नको. सीमेन्सच्या चिप व्यवसायातून इन्फिनिऑन निघाली, तिच्यातून क्विमोंडा. मेमरी चिपचे भाव कोसळले आणि जानेवारी २००९ मध्ये क्विमोंडाचं दिवाळं निघालं. ड्रेस्डेनमधल्या हजारो नोकऱ्या गेल्या. शहर सावरलं, कारण आसपास दुसरे मालक होते. एकाच कारखान्यावर विसंबलेल्या गावाला अशी सोय नसते.

सोलापूरबद्दल बोलायचंच तर तिथे आज जे आहे तिथून बोलू. टॉवेल आणि चादरींचे माग, रंगाईचे कारखाने, पिढ्यान्‌पिढ्या सूत हाताळणारी पद्मशाली घरं, अभियांत्रिकी महाविद्यालयं. यांच्या सर्वांत जवळचं उच्च तंत्रज्ञान म्हणजे वैद्यकीय, वाहनांचं, गाळणीचं कापड. त्यासाठी केंद्राने २०२० मध्येच १,४८० कोटींचं तांत्रिक वस्त्र अभियान मंजूर केलंय. चिप कारखान्याला रोज अतिशुद्ध पाण्याचे लोंढे लागतात. सोलापूरकर वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड पिण्याचं पाणी भरत आलेत. पुढच्या वेळी तो मेसेज पुढे ढकलण्याआधी खासदारांना दोनच प्रश्न विचारा: त्या १,४८० कोटींपैकी सोलापुरात किती आले, आणि नळाला रोज पाणी कधीपासून?