तिरामिसू असू दे, आधी श्रीखंडाचं बघा

तिरामिसू, चीजकेक, अननस पेस्ट्री... लेखिकाताई, रात्री भिजवून सकाळी खायच्या ओट्सवरच्या तुमच्या लेखात दिलेल्या ह्या चवी वाचायला झकास आहेत. पण तिरामिसूसाठी लागणारं मऊ मस्कारपोने चीज शोधत अख्खं कोल्हापूर कोण पालथं घालणार? त्यापेक्षा चक्का घ्या की. अर्धी वाटी रोल्ड ओट्स, तेवढंच दूध, दोन मोठे चमचे चक्का, वेलची-जायफळ आणि केशराच्या चार काड्या. साखरेऐवजी आपला कोल्हापुरी गूळ. त्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालंय ते उगीच नाही. तो कोमट पाण्यात विरघळवून, गाळून, गार करून घाला, नाहीतर तळाशी बारीक कचकच राहते. सकाळी वरनं चारोळी, पिस्ते. रात्रीच घातले तर मऊ पडतात. आमच्याकडं पोरं बरणीच्या कडा चमच्यानं खरवडून खातात.

दूध मात्र उकळून गार केलेलंच हवं. कोल्हापुरातल्या गंगावेशच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध कितीही भारी लागो, ह्यात ते कच्चं ओतू नका. ओट्स शिजवायचेच नसतात, त्यामुळं कच्च्या दुधातले जंतू तसेच राहतात.

आणि लेखात ताजं अननस रात्रीच मिसळायला सांगितलंय, ते काय पटलं नाही. त्यातलं एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतं आणि सकाळी सगळं कडवट लागतं. शिऱ्यासाठी करतो तसं अननस साखरेत शिजवून घेतलं की काही होत नाही. इन्स्टंट ओट्स नकोतच, पार खळ होते.

लेखिकाताई, पुरणाची चव कुणी करून बघितलीय का?