ज्याच्या हातून चेंडू सुटला

३० ऑक्टोबर २०२५ ची रात्र आपल्याकडे जेमिमा रॉड्रिग्जची रात्र म्हणूनच लक्षात राहणार. महिला क्रिकेट विश्वचषकाचा उपांत्य सामना, डी. वाय. पाटील स्टेडियम, ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा, तिच्या नाबाद १२७ आणि सामना जिंकल्यावर ढसाढसा रडणारी आपली मुंबईची पोर. मीही रडलो. पण त्या दिवशी दोन्ही संघांच्या दंडाला काळ्या फिती होत्या. त्या कशासाठी, असं दुसऱ्या दिवशी नेटमध्ये पोरांना विचारलं, तर एकालाच माहीत होतं.

मेलबर्नचा १७ वर्षांचा मुलगा होता तो. क्लबच्या नेटमध्ये फलंदाजी करताना साइडआर्मने, म्हणजे चेंडू फेकायच्या लांब दांड्याने, टाकलेला चेंडू मानेवर बसला. डोक्यावर हेल्मेट होतं, पण मानेचं गार्ड नव्हतं. तो वाचला नाही.

मला हलवून गेलं ते त्याच्या वडिलांचं निवेदन. या अपघातात दोन पोरं सापडली आहेत, ज्याने चेंडू टाकला त्या मुलाची आणि त्याच्या घरच्यांचीही आम्हाला काळजी आहे, अशा अर्थाचं त्यांनी त्यात म्हटलं होतं. स्वतःचं पोर गेलेलं असताना या माणसाला दुसऱ्याचं पोर आठवलं. तीस वर्षं मैदानात काढली, आधी मुंबईच्या पावसाळी कांगा लीगच्या चिखलात खेळत आणि आता शिकवत, पण माझ्या मनात हे आधी आलं असतं का, सांगता येत नाही.

२०१४ च्या नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिल ह्यूज मानेला चेंडू लागून गेला, तेव्हा जगभर लोकांनी दाराबाहेर बॅट ठेवली. आमच्या चाळीच्या गॅलरीत मीही माझी जुनी बॅट भिंतीला टेकवून वर टोपी अडकवली होती. शेजारच्या काकूंनी विचारलं, "कोण गेलं रे?" मी म्हटलं, "आमच्यातलाच एक." त्यापुढे बोलता आलं नाही. ह्यूज ६३ वर खेळत होता, पुढच्या रविवारी २६ वर्षांचा झाला असता. हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण त्याला बाउन्सर टाकणारा शॉन अ‍ॅबट तेव्हा अवघा २२ वर्षांचा होता, हे किती जणांना आठवतं? दोन आठवड्यांनी त्याच सिडनीच्या मैदानावर तो परत उतरला आणि क्वीन्सलंडच्या दुसऱ्या डावात १४ धावांत ६ बळी घेऊन गेला. मला त्या सहा बळींपेक्षा मोठा वाटतो तो त्याचा पहिला रनअप. त्या टोकाला जाऊन उभं राहायचं आणि पळत यायचं! सोबतीला माणसं असल्याशिवाय ते होत नाही.

आपल्याकडेही अशी माणसं होती. १९६२ मध्ये बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथचा चेंडू आपले कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर बसला आणि जिवावर बेतलं. रक्त द्यायला आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर होतेच, शिवाय वेस्ट इंडिजचा कर्णधार फ्रँक वॉरेलही होता. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी खेळू शकले नाहीत. तरी त्यांनी ग्रिफिथला कधी बोल लावला नाही. आपलंच लक्ष विचलित झालं होतं, असंच ते सांगत आले.

मग जानेवारी २०२४. माटुंग्याच्या दडकर मैदानावर एकाच वेळी दोन सामने चालू होते. एका सामन्यात क्षेत्ररक्षण करणाऱ्या ५२ वर्षांच्या खेळाडूला दुसऱ्या सामन्यातला फटका कानामागे लागला आणि ते गेले. आपल्या मैदानांत जागा नाही यावर खूप बोललं गेलं, आणि ते बोलायलाच हवं होतं. पण ज्याने तो फटका मारला तो माणूस? त्याने फक्त एक चांगला फटका मारला होता. त्या रात्री त्याच्या घरी कोण गेलं असेल?

मी हे विचारतो, कारण दोन वर्षांपूर्वी मी स्वतः चुकलो. आमच्या नेटमध्ये पंधरा वर्षांच्या पोराचा चेंडू उसळून फलंदाजाच्या हेल्मेटवर आदळला. फलंदाज पाच मिनिटांत उठून बसला. तरी मी त्याला डॉक्टरकडे नेलं, त्याच्या वडिलांना बोलावलं, सगळं केलं. गोलंदाज रोलरपाशी बसून नखाने चेंडूची शिवण खरवडत होता. "सर, मी मुद्दाम नाही टाकला," असं निदान चार वेळा म्हणाला. मी "हो रे बाळा" म्हणून पुढे गेलो. तो एकटा लोकल पकडून घरी गेला. रात्री त्याच्या आईचा फोन आला, "सर, आज काय झालं? हा जेवत नाहीये."

क्लबवाल्यांनो, सर लोकांनो, मानेचं गार्ड नेटमध्येसुद्धा सक्तीचं करा. आणि असं काही घडलं, तर एक माणूस चेंडू टाकणाऱ्यासोबत बसवा, त्याला घरापर्यंत सोडा. "कोणी टाकला?" हा प्रश्न ग्रुपवर विचारू नका, त्याचं नाव फिरवू नका.

आमचं ते पोर परत आलं. महिनाभर नुसते पुढे टप्पा पडणारे चेंडू टाकत राहिलं. आता ते ऑफस्पिन टाकतं, आणि चांगला टाकतं. वेगवान गोलंदाजीचा विषय त्याने काढला नाही, मीही काढत नाही.