कस्टमचं समन्स आलं म्हणून घरी बसू नका

माझा मावसभाऊ न्हावा-शेव्याला एका क्लिअरिंग एजंटकडे कागदपत्रांचं काम करतो. एका आयातदाराच्या मालावरून त्याला कस्टमचं समन्स आलं आणि लगेच कुणीतरी त्याला तो सगळीकडे फिरणारा मेसेज पाठवला: 'समन्स म्हणजे अटकच. अटकपूर्व जामीन घ्या, मग हजर व्हायची गरज नाही. एफआयआर नसेल तर जामीन मिळत नाही, रिट टाका. जबाबावर बिनधास्त सही करा, नंतर फिरवता येतो.' तो तारखेला जाणारच नव्हता! म्हणून हे चिडून लिहितेय.

समन्स म्हणजे अटक नव्हे. १९६२च्या कस्टम कायद्यात कलम १०८ जबाबासाठी आणि कागदपत्रांसाठी बोलावण्याचं आहे. त्याखाली साक्षीदारालाही बोलावतात. अटकेचं कलम १०४ वेगळं.

सगळ्यात घातक वाक्य म्हणजे 'जामीन घेतला की हजर व्हायची गरज नाही'. अटकपूर्व जामीन देताना कोर्ट कोणत्या अटी घालू शकतं, ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ४८२ मध्ये लिहिलंय. त्यातली पहिलीच अट: बोलावलं की चौकशीला हजर राहायचं. म्हणजे दांडी मारणारा स्वतःच जामीन रद्द करायला कारण पुरवतो. जामीन नसला तरी हजर राहणं आणि खरं सांगणं १०८ नुसार बंधनकारकच आहे. समन्स आलेल्या काही जणांना अटक करण्याआधी दहा दिवसांची नोटीस द्या, असा आदेश राजस्थान हायकोर्टाने दिला होता. तोसुद्धा सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये पदम नारायण अग्रवाल प्रकरणात रद्द केला. तिथे घरबसल्या संरक्षण कोण देणार?

जबाबाचा सल्ला तितकाच वाईट. कस्टमचे अधिकारी पोलीस नव्हेत, त्यामुळे त्यांच्यासमोरचा जबाब कोर्टात पुरावा म्हणून वापरता येतो. मागे घेतला तरी तो खरा आणि स्वखुशीने दिलेला वाटला तर कोर्ट विचारात घेतं. प्रत्येक पान वाचा. चुकीचं लिहिलं असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करायला सांगा, मगच सही.

एफआयआरच्या मुद्द्यात अर्धं तथ्य होतं, हे मान्य करावं लागतं. समन्सच्या टप्प्यावर अटकपूर्व जामीन नाही, रिटचाच म्हणजे थेट हायकोर्टात याचिका करण्याचाच मार्ग, असं सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये एका जीएसटी प्रकरणात म्हटलं होतं. पण २७ फेब्रुवारी २०२५ रोजी राधिका अग्रवाल प्रकरणात तत्कालीन सरन्यायाधीश संजीव खन्ना यांच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते मत फिरवलं. कस्टम असो की जीएसटी, एफआयआर नसतानाही अर्ज करता येतो. फक्त अटकेची भीती ठोस गोष्टींवरून दाखवावी लागते, नुसतं 'समन्स आलंय' पुरत नाही. मेसेज लिहिणाऱ्याने हा निकाल वाचलेला दिसत नाही.

आणि अटकपूर्व जामीन फक्त अजामीनपात्र गुन्ह्यासाठी असतो. कलम १०४ मध्ये पन्नास लाखांहून जास्त शुल्कचुकवेगिरी, प्रतिबंधित माल अशी ठरावीक प्रकरणंच अजामीनपात्र आहेत. बाकीच्यांत जामीन हा हक्क आहे. वकिलाला कागद दाखवून पहिल्यांदा हेच विचारा.

त्याआधी समन्सवरचा डीआयएन, म्हणजे त्या कागदाचा ओळख क्रमांक, पाहा. नोव्हेंबर २०१९ पासून हा क्रमांक छापावा लागतो आणि केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या वेबसाइटवर तो तपासता येतो. कस्टमच्या नावाने व्हिडिओ कॉलवर 'अटक' करून पैसे मागणाऱ्याकडे असा खरा क्रमांक नसतो.