चार बोटं कुजलेलं लाकूड

आज सकाळी शेजारच्या घरासमोर सहा खिडक्या रस्त्यावर टाकलेल्या पाहिल्या. चौकटीसकट उपटलेल्या. बिजागऱ्या जागच्या जागी, कड्या जागच्या जागी, एका झडपेचं तावदानसुद्धा शाबूत. डोकं असं सणकलं की दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. आता रात्री लिहायला बसलेय. लांबलं तर लांबू दे.

रीतसर परवानगी घेऊन झालंय हे सगळं, आणि तेच जास्त लागलं. चोरून केलं असतं तर निदान भांडता आलं असतं. आमची वस्ती वारसा यादीत आहे. घराच्या दर्शनी भागात काहीही बदलायचं तर अर्ज, नकाशे, फोटो घेऊन वारसा समितीपुढे जावं लागतं. शेजारी म्हणून त्या दिवशी मीही जाऊन बसले होते. अर्जात लिहिलं होतं, 'नवीन खिडक्या रंग व आकाराने मूळ खिडक्यांशी जुळत्या असतील.' एका सदस्याने विचारलं, "रंग तपकिरीच ना?" उत्तर आलं, हो. मंजूर! पाच मिनिटंही लागली नाहीत. मी बोलायला उठले तर म्हणाले, हरकती लेखी द्यायला हव्या होत्या.

जुळत्या म्हणे. जाड भिंतीत वीतभर आत बसवलेली सागाची दोन झडपांची खिडकी आणि भिंतीच्या बाहेरच्या कडेला चिकटवलेली अॅल्युमिनियमची सरकती खिडकी, या दोन गोष्टी जुळतात? नकाशावर जुळतात, कारण नकाशावर दोन्ही नुसते चौकोन असतात. खिडकी किती आत आहे ते समोरून काढलेल्या नकाशात कळतच नाही. आणि जुन्या घराचा चेहरा त्या आत असण्यातच असतो. उन्हं कलली की प्रत्येक खिडकीच्या कोनाड्यात सावली उतरते, तेव्हा ती भिंत जिवंत वाटते. आता तिथे सपाट काच चमकणार.

आमच्या खिडकीची गोष्ट माझ्या जवळच्या लोकांनी दहादा ऐकली असेल. अकराव्यांदा ऐका.

वीसेक वर्षांपूर्वी बाबांनीही असाच अर्ज केला होता. रस्त्याकडची मोठी खिडकी सडली होती, पाऊस आत यायचा. बाबांना ती काढून टाकायची होती, आणि खरं सांगायचं तर मलाही. तेव्हा समितीवर एक वयस्कर वास्तुविशारद होते. त्यांनी अर्ज बाजूला ठेवला आणि म्हणाले, "मी घरी येऊन बघतो." आले. चहा नको म्हणाले. खिशातून छोटा चाकू काढला आणि चौकटीला वरून खालपर्यंत टोचत आले. वरती टोक आत जाईना. मधे जाईना. अगदी खाली आल्यावर मात्र लोण्यात जावं तसं आत गेलं. त्यांनी तिथे बोटं आडवी धरली, एक, दोन, तीन, चार. "एवढंच कुजलंय," म्हणाले, "आणि एवढ्यासाठी तुम्ही पूर्ण खिडकी फेकताय."

का कुजलं तेही त्यांनी दाखवलं. खालच्या सांध्यावरचा रंग तडकला होता. लाकडाचं कापलेलं टोक पाणी पितं, ते पाणी तिथेच मुरत होतं. बाकी लाकूड जुनं, सावकाश वाढलेल्या झाडाचं, घट्ट रेषांचं. तसं आज आणायला गेलं तरी सहज मिळत नाही. मग सुताराने कुजलेला भाग कापला आणि तिरका सांधा घेऊन नवा तुकडा बसवला. बाबा आधी चिडलेच होते, वर म्हणाले, सांधा दिसतोय. तर ते वास्तुविशारद म्हणाले, "दिसू दे. जुनं कुठलं आणि नवं कुठलं ते पुढच्यांना कळायला हवं." जुन्या वास्तू कशा जपाव्यात हे सांगणाऱ्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत हेच लिहिलंय, हे मी फार नंतर वाचलं: बदललेला भाग एकूण वास्तूत मिसळून जावा, पण मूळ भागापासून वेगळा ओळखूही यावा. आमच्या घरात ती सनद चार बोटांच्या तुकड्यात बसवलेली आहे. अजून एकही पावसाळा आत आलेला नाही.

म्हणून राग येतो. नियम नाहीत असं थोडंच आहे? अमेरिकेत चार्ल्स्टन शहराने १९३१ मध्येच जुन्या वस्तीतल्या घरांचे बाह्य बदल तपासायला मंडळ नेमलं. आपल्याकडे मुंबईत १९९५ साली वारसा नियमावली आली, देशातली पहिली, वास्तूंच्या श्रेणी ठरल्या. नियम आहेत, समित्या आहेत, शिक्के आहेत. पण जिना चढून येऊन चौकटीला हात लावणारा माणूस नसेल तर त्या शिक्क्याचं काय करायचं?

आणि प्रश्न फक्त दिसण्याचा नाही. 'तुम्हाला काय, तुम्हाला शोभा हवी' असं ऐकून ऐकून कान किटले. नवी चौकट बसवताना कडेने सिमेंट भरतात. भिंत चुन्याची. चुना ओल शोषतो आणि सोडतोही, सिमेंट ती वाट बंद करतं. मग ओल दुसरीकडून बाहेर पडते, क्षार फुलतात, गिलाव्याचे पोपडे निघतात. मग कोणीतरी सांगतं, भिंतही सिमेंटने गिलावून घ्या. एका खिडकीपासून सुरुवात होते आणि हळूहळू अख्खी भिंत आतून खराब होते. शिवाय दोन झडपा उघडल्या की पूर्ण खिडकी उघडते. सरकती खिडकी कितीही सरकवा, अर्धीच उघडी राहते. हवा अर्धी झाली, त्याचं काय?

इथवर टंकलं आणि थांबले, कारण काकूंचा चेहरा डोळ्यांसमोर आला.

शेजारच्या काकू सत्तरी ओलांडलेल्या. दुपारी तावातावाने त्यांच्याकडे गेले होते. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "अगं, पावसात ती झडप फुगते. मला ओढवत नाही. एकदा बोटं चिरडली माझी." बोट दाखवलं, नख अजून काळं आहे. मी काय बोलणार? त्यांना वारसा बुडवायचा नव्हता, खिडकी लावता यायला हवी होती. झडपेच्या कडेवरून दोनदा रंधा फिरवला असता, बिजागरीला तेल दिलं असतं, तर काम झालं असतं. पण हे त्यांना सांगणार कोण? कंत्राटदार? त्याला नऊ नव्या खिडक्या विकायच्या आहेत. सांगायचं काम समितीचं होतं. आमच्याकडे त्या माणसाने तेच केलं. त्यांनी नुसतं 'नाही' म्हटलं असतं तर बाबांनी जन्मभर त्यांना शिव्या दिल्या असत्या. ते 'नाही' म्हणाले आणि लगेच 'असं करा' म्हणाले. सुतारही त्यांनीच पाठवला.

लाकडाची निगा खर्चिक आहे, मान्य. घर ज्याचं त्याच्या खिशालाच चटका बसतो आणि वाटेने जाणारे आम्ही फुकट सल्ले देतो, हेही मान्य. समितीवरचे लोक थोडे आणि अर्ज ढीगभर, असेल. तरी एका घरी जायला अर्धा तास लागतो हो. अर्धा तास! ज्या खिडक्यांनी शंभरावर पावसाळे झेलले त्यांच्यासाठी अर्धा तास निघत नसेल तर त्या खुर्चीत बसू नये, दुसऱ्या कोणाला बसू द्यावं.

संध्याकाळी काकूंना विचारून त्या ढिगातली एक खिडकी भिंतीला टेकवली आणि घरातला छोटा चाकू आणला. वरून टोचत आले. टोक आत गेलं नाही. मधे नाही. खाली, सांध्यापाशी, दोन बोटं गेलं. बाबांच्या खिडकीच्या निम्मंच कुजलेलं होतं. काकू शेजारी उभ्या राहून बघत होत्या. काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी स्वतः चाकू घेतला आणि दुसऱ्या खिडकीला टोचून पाहिलं.

नऊपैकी तीन खिडक्या अजून भिंतीत आहेत. रविवारपर्यंत काम थांबवायला काकूंनी सांगितलंय, आणि काढलेल्या सहा आत पडवीत आणून ठेवल्यात, पावसाला लागणार नाहीत अशा.

आमच्या खिडकीचं काम केलेला सुतार आता हयात नाही. जुन्या चौकटीला तुकडा सांधून देणारा, तिरका सांधा हाताने घेणारा कोणी माहीत असेल तर आज रात्रीच कळवा. नुसता फर्निचरवाला नको. रविवारच्या आत हवा आहे.