बेलासारखं दिसणारं ते लाल पान तोडू नका

परवा रात्री सांगलीहून आईचा फोन आला. ती आणि बाबा सप्टेंबरअखेर आमच्याकडे मॅसॅच्युसेट्सला येणार आहेत. त्यामुळे हल्ली फोन म्हणजे सामानाची यादीच असते. पण परवा तिचा पहिलाच प्रश्न होता, "अगं, तुमच्या घरामागे ते बेलासारखं लाल पान आहे का? यंदा दसऱ्याला आपण तेच वाटू."

कुठलं पान, म्हणून विचारलं, तर तिने भिशीच्या ग्रुपवर आलेला मेसेज पाठवून दिला. "अमेरिकेतले फॉल कलर्स: गाडीने फिरणाऱ्यांसाठी सात गुपितं." फॉल कलर्स म्हणजे शरदात झाडांची पानं लाल-पिवळी होतात, ते रंग. वर दुहेरी बाण, म्हणजे शेकडो हातांतून फिरून आलेला. खाली लिहिणाऱ्याचं नाव नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच मेसेज आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर आला. संध्याकाळी नवऱ्याच्या मामांनी न्यू जर्सीतल्या एडिसनहून पाठवला, "या शनिवारी जाऊ का?" असं विचारत. तेव्हा मात्र राहवेना. सोळा वर्षं मी इथे आहे. जवळजवळ दर ऑक्टोबरात आम्ही न्यू हॅम्पशायर नाहीतर व्हर्मांटच्या डोंगरांत गाडी घेऊन जातो. या मेसेजमधली काही वाक्यं नुसती चुकीची आहेत, पण एक घातक आहे. त्या एकापासूनच सुरुवात करते.

सहावं गुपित असं आहे: "झाडांच्या बुंध्यावर चढलेली लालभडक वेल दिसेल. तिची बेलपत्रासारखी तीन-तीन पानं तोडून घ्या. दसऱ्याला आपट्याऐवजी सोनं म्हणून वाटा, दाराला तोरण करा, उरलेली रात्री शेकोटीत टाका." खाली फोटो. मी तो मोठा करून पाहिला आणि पोटात गोळा आला. ओकच्या खोडाला सुंभासारखी केसाळ वेल चिकटलेली. पानं चकचकीत लाल, एकेका देठावर तीन. मधल्या पानाचा देठ लांब, बाजूची दोन जवळपास बिनदेठाची. मध्येच पांढुरक्या मण्यांसारखी फळं. हे पॉइझन आयव्ही आहे, हात लावला की अंगावर फोड उठवणारी वेल. इथली शाळेत जाणारी मुलंसुद्धा तीन पानं दिसली की हात मागे घेतात, लहानपणापासून तसं शिकवलेलंच असतं. आणि आपल्याकडच्या बायकांना सांगितलं जातंय की ती ओंजळीने गोळा करा.

आईला मी एवढंच म्हटलं, "आई, तो बिब्बा आहे." ती एकदम गप्प झाली. आमच्या आजोळी परीट कपड्यांवर बिब्ब्याने खुणा करायचा, आणि बिब्बा उतला की काय होतं ते तिने लहानपणी पाहिलंय. ही तुलना मी तिला घाबरवायला केली नव्हती. बिब्बा, काजू, आंबा आणि पॉइझन आयव्ही ही सगळी एकाच कुळातली. या वेलीत उरुशिऑल नावाचं तेल असतं, बिब्ब्याच्या तेलातही त्याच जातीची द्रव्यं असतात. ज्यांना आंब्याचा चीक उततो, त्यांना ही वेल उतण्याची शक्यता जास्तच. माझ्या आईचे ओठ दर मे महिन्यात सालीसकट आंबा चोखला की सुजतात. ती ही पानं पदरात भरून आणणार होती!

हे तेल पान वाळल्यावर जात नाही, वेल मेली तरी जात नाही. आमच्या घरी हे सासऱ्यांच्या अंगावर निघालं. तीन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात ते आले होते. मागच्या कुंपणावर पानं झडलेली एक वेल होती. सुकलेली दिसते म्हणून त्यांनी ती उघड्या हातांनी ओढून काढली आणि घाम आला म्हणून त्याच हाताने कपाळ पुसलं. त्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या रात्री खाज सुरू झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही हातांवर, जिथे जिथे वेल घासली होती तिथे, रेघेत फोड उठलेले आणि उजवा डोळा सुजून बंद. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तरी सगळं बरं व्हायला तीन आठवडे गेले. रात्री झोपेत खाजवू नये म्हणून ते हातांत सुती मोजे घालून झोपायचे. जिने आयुष्यभर त्यांच्या जेवणाची वेळ चुकवली नाही त्या सासूबाई त्यांना चमच्याने भरवत होत्या, कारण बोटं मिटत नव्हती.

आता शेकोटीबद्दल. ही पानं किंवा वेल जाळली तर ते तेल धुराबरोबर घशात आणि फुप्फुसात जातं. जे फोड हातावर उठतात ती आग श्वासनलिकेत होते. यात माणूस दवाखान्यात भरती होऊ शकतो. मेसेज लिहिणाऱ्याने हे वाक्य कशाच्या आधारावर लिहिलं असेल, मला कळत नाही. इथला कुणीही माणूस असं सांगणार नाही.

चुकून हात लागलाच तर लगेच, खरोखर लगेच, साबण आणि भरपूर पाण्याने धुवा, नखांच्या आतूनही. कपडे, बूट, गाडीची किल्ली, फोन, सगळं पुसा, कारण तेल तिथे बसून राहतं. चेहऱ्यावर, डोळ्यांशी उठलं किंवा धूर आत गेला तर घरचे उपाय करत बसू नका, डॉक्टरकडे जा. आणि ही वेल काही दूर रानात नसते. न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्समध्ये ती पार्किंगच्या कडेला, दगडी बांधांवर, कुंपणांवर असते. रंगही ती बहुतेकांच्या आधी, सप्टेंबरातच घेते, म्हणून नवख्या माणसाचं लक्ष पहिल्यांदा तिच्याकडेच जातं. बुंध्यावर चढणारी दुसरी एक लाल वेल असते, तिची पानं पाच-पाच. ती उरुशिऑलवाली नव्हे, पण ज्यांना ओळख नाही त्यांनी वेलीच्या वाटेलाच जाऊ नये.

त्याच गुपितात "मुलांना पानांच्या ढिगात मनसोक्त लोळू द्या" असंही आहे. इथली मुलं लोळतातच, मी नाही म्हणत नाही. पण रानाच्या कडेच्या पाचोळ्यात ऑक्टोबरात हरणांवरच्या गोचिडी असतात, तिळाएवढ्या. त्यांच्यामुळे लाइम हा आजार होतो. कनेटिकटमधल्या लाइम गावावरूनच त्याला ते नाव पडलं. मूल घरी आलं की काखा, गुडघ्यामागे, केसांत बघा.

बाकीची गुपितं त्यामानाने निरुपद्रवी आहेत, पण लोक त्यांवर सुट्ट्या आणि तिकिटं ठरवतात, म्हणून तीही बघू.

"जितकी कडक थंडी तितका लाल रंग, म्हणून पहिलं हिम पडल्यावरच निघा." यात अर्ध सत्य आहे, तेवढं मान्य करते: थंड रात्रींचा रंगाशी संबंध आहे. पण गोठवणाऱ्या थंडीचा नाही. अमेरिकेच्या सरकारी वनखात्याने, म्हणजे फॉरेस्ट सर्व्हिसने, हे सोप्या भाषेत समजावून ठेवलंय. पिवळा आणि केशरी रंग पानात उन्हाळाभर असतोच, हिरव्याखाली झाकलेला. रात्री मोठ्या होत जातात तसं झाड हरितद्रव्य बनवणं थांबवतं आणि खालचा पिवळा वर येतो. लाल रंग मात्र बहुतेक झाडांत शरदातच नव्याने तयार होतो, पानात अडकून पडलेल्या साखरेपासून. दिवसा स्वच्छ ऊन असेल तर साखर भरपूर बनते, आणि रात्री गारवा असेल तर देठाच्या बारीक होत गेलेल्या शिरांतून ती बाहेर पडत नाही. म्हणून उबदार दिवस आणि गार, पण गोठणबिंदूच्या वरच्या रात्री हव्यात. कडक हिम पडलं की पान मरतं, तपकिरी होतं, गळतं. पहिल्या बर्फाची वाट बघत बसलात तर खराटे बघायला मिळतील.

"सगळीकडे १० ते १२ ऑक्टोबरला रंग भरात असतो." सगळीकडे म्हणजे कुठे? न्यू हॅम्पशायरच्या उत्तरेकडच्या डोंगरांत सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या पहिल्या दहा दिवसांपर्यंत, बॉस्टनच्या आसपास ऑक्टोबरच्या मध्यानंतर, न्यू जर्सीत पार ऑक्टोबरअखेर. व्हर्जिनियात शेनंडोआच्या डोंगरधारेवरून जाणारा स्कायलाइन ड्राइव्ह १०५ मैलांचा आहे. तिथे एकाच दिवशी माथ्यावरचा रंग उतरणीला लागलेला आणि खाली दरी अजून हिरवी असं दिसतं. रंग उत्तरेकडून दक्षिणेला आणि वरून खाली उतरत येतो. तारीख पाठ करून उपयोग नाही, जिथे जायचं तिथली पाहायची. आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारची जोडून सुट्टी टाळता आली तर टाळा, कारण अख्खं न्यू इंग्लंड, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येची ही सगळी राज्यं, त्याच दिवशी निघतं.

"न्यू जर्सीहून सकाळी निघून कँकामॅगस हायवे बघून रात्री घरी. वाटेत भरपूर गॅस स्टेशन." मामा हाच बेत धरून बसले होते. कँकामॅगस हा न्यू हॅम्पशायरमधला लिंकन ते कॉनवे असा घाटरस्ता, साधारण ३४ मैलांचा, १९५९ साली पूर्ण उघडलेला. माथा २,८५५ फुटांवर. या अख्ख्या पट्ट्यात एकही गॅस स्टेशन नाही, आणि फोनची रेंज बहुतेक ठिकाणी जाते. टाकी लिंकनला किंवा कॉनवेला भरून घ्यायची, नकाशा आधीच फोनवर उतरवून ठेवायचा. एडिसनहून लिंकनच तीनशेहून जास्त मैल आहे. जाऊन-येऊन अकरा-बारा तास नुसती गाडी चालवणं, आणि ऑक्टोबरच्या मध्याला तिथे संध्याकाळी सहाला सूर्य मावळतो. म्हणजे डोंगर अंधारातच उतरायचे, वयाच्या सत्तरीत, अनोळखी रस्त्यावर.

त्या अंधाराला जोडून पुढचं गुपित: "रस्त्यात मूस दिसला तर दिवे चमकवा, हरणासारखा गरीब प्राणी आहे, बाजूला होतो." मूस हा हरणाच्या कुळातलाच, पण हजार पौंडांपर्यंत वजनाचा असतो. अंग काळपट आणि पाय इतके उंच की गाडीच्या दिव्यांत पायच दिसतात, डोळे चमकत नाहीत. धडक बसली तर गाडी त्याचे पाय उडवते आणि धड थेट समोरच्या काचेवर येतं. सप्टेंबर-ऑक्टोबर हा त्यांचा माजावर येण्याचा काळ, नर तेव्हा कुणाला घाबरत नाही. रस्त्याकडेला मूसचे इशारेवजा फलक लावलेत ते शोभेला नाहीत. वेग कमी करा, दिसला तर थांबा आणि तो जाईपर्यंत गाडीतच बसा.

"व्हर्मांटमधलं ते प्रसिद्ध शेत: फाटक उघडं असतं, आत जाऊन फोटो काढा." हे वाचून मला लाज वाटली. ते पॉम्फ्रेट गावातलं शेत कुणाचं तरी राहतं घर आहे. समाजमाध्यमांवरचे फोटो बघून तिथे इतकी गर्दी व्हायला लागली की लोक गाड्या रस्त्यातच लावायचे, अंगणात शिरायचे, घाण करून जायचे. शेवटी २०२३ साली गावाने २३ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर तिकडचे रस्ते बाहेरच्या गाड्यांना बंद केले. आपल्या वाड्यात कुणी असं शिरलं तर चालेल का?

रस्त्यात कुठेही गाडी थांबवा, असंही एक आहे. वळणावर थांबू नका, दरीकडे बघायच्या जागा बांधलेल्या आहेत, तिथे थांबा. आणि ऑक्टोबरात मेपल सिरप "ताजं काढताना" कुठेही बघायला मिळणार नाही. झाडाचा रस फेब्रुवारीअखेर ते एप्रिलमध्ये काढतात, साधारण ४० गॅलन रस आटवून एक गॅलन सिरप होतं. दुकानात मिळतं ते विकत घ्या, छान असतं.

आईला मी दोन फोटो शेजारी शेजारी लावून पाठवले. एक त्या वेलीचा, दुसरा आमच्या दारातल्या शुगर मेपलचा: एका देठाला एकच पान, पसरलेल्या पंजासारखं, पाच टोकांचं. दसऱ्याला हे वाट, खाली पडलेलंच उचल, म्हटलं. तिने लगेच भिशीच्या ग्रुपवर लिहिलं, "ती वेल बिब्ब्याची बहीण आहे. हात लावू नका." दहा मिनिटांत एका मावशींचं उत्तर आलं. त्या मुलीकडे न्यू जर्सीला आहेत. कालच फिरायला गेल्या असताना त्यांनी पिशवीभर पानं तोडून आणली होती, काही नातीच्या वहीत दाबून ठेवली होती.

मी त्यांना फोन लावला. घरातली स्वयंपाकाची हातमोज्यांची जोडी घालून पानं, वही आणि पिशवी एका जाड पिशवीत बांधून कचऱ्यात टाकायला सांगितली, मोजेही शेवटी त्यातच. मग हात, नखं, नातीचे हात, टेबल, दाराची मूठ. "फोड नाहीत अजून," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मावशी, उद्या-परवापर्यंत लक्ष ठेवा आणि आंब्याचा चीक उततो का तेवढं सांगा. त्या थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, "हो गं, दरवर्षी."