सहा फोटो होते, साहेब. सहा!

परवा परत कुणीतरी तो काल्विनच्या 'उडत्या तबकडी'चा फोटो पाठवला आणि खाली विचारलं, "सरकारी चौकशीत शेवटी काय निघालं?" काय निघणार, कपाळ!

तारीख ४ ऑगस्ट १९९०. स्कॉटलंडमध्ये पिटलॉक्रीच्या वरच्या अंगाला काल्विन नावाचं गाव आहे. तिथल्या डोंगरात संध्याकाळी फिरायला गेलेल्या दोन तरुणांना आभाळात एक भलीमोठी, शंकरपाळ्याच्या आकाराची, धातूची वाटावी अशी वस्तू अधांतरी दिसली. दहाएक मिनिटं ती तिथेच होती, एक लढाऊ विमान आसपास घिरट्या घालत होतं आणि मग ती सरळ वर निघून गेली, असं त्यांचं म्हणणं. पोरांनी सहा फोटो काढून 'डेली रेकॉर्ड'ला दिले. पेपरनं ते छापले नाहीत, ब्रिटनच्या संरक्षण खात्याकडे मात्र पोचवले.

खात्यानं तपासले. सप्टेंबरात मंत्रिमहोदयांसाठी टिपण तयार झालं. वस्तूबद्दल ठोस निष्कर्ष नाही. विमान मात्र हॅरियर जातीचं लढाऊ विमानच, याची खात्री. आणि त्या वेळी त्या भागात हॅरियर उडाल्याची नोंद नाही. झालं! अहो, शेंबड्या पोरालाही पुढचा प्रश्न सुचेल की मग ते विमान कुणाचं? तुमच्याच आभाळात एक लढाऊ विमान दिसतंय, तुम्हीच ते ओळखताय, आणि तुमच्याच वहीत ते नाही. तबकडी राहू दे बाजूला, आधी या विमानाचं बोला ना!

पण माझं डोकं खरं फिरतं ते पुढे. निगेटिव्हचा आज पत्ता नाही. २००९ मध्ये खात्याच्या फायली लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात लोकांसाठी उघडल्या, तेव्हा त्यांत फोटो नव्हताच. होती फोटोवरून रेघा मारून काढलेल्या चित्राची काळपट झेरॉक्स. अण्वस्त्रं सांभाळणारं खातं हे! फाईल गहाळ करण्याचा मान आपल्याच कचेऱ्यांचा, अशी माझी समजूत होती.

बरं, एक प्रिंट शेवटी सापडली, तीही खात्यात नाही. क्रेग लिंडसे नावाच्या हवाई दलाच्या निवृत्त प्रसिद्धी अधिकाऱ्यानं ती स्वतःजवळ जपून ठेवली होती, म्हणून २०२२ मध्ये डेव्हिड क्लार्क या संशोधकाच्या हाती लागली. बत्तीस वर्षं! शेफील्ड हॅलम विद्यापीठाच्या अँड्र्यू रॉबिन्सननी ती तपासली. प्रिंटमध्ये फेरफार केल्याच्या खुणा त्यांना दिसल्या नाहीत. म्हणजे कॅमेऱ्यासमोर काहीतरी होतं. काय होतं, ते एका प्रिंटवरून कोण सांगणार? कुणी म्हणतं अमेरिकेचं गुप्त विमान, कुणी म्हणतं झाडाला दोऱ्यानं टांगलेलं शोभेचं काहीतरी, कुणी म्हणतं धुक्यातून डोकावणारं डोंगराचं टोक, कुणी म्हणतं तळ्यातलं प्रतिबिंब.

आणि यातलं बरंचसं ओळीनं लावलेल्या सहा फ्रेम बघून निकालात काढता आलं असतं हो! विमान एका फ्रेममधून दुसरीत किती सरकलं, वस्तू जागची हलली का, फोटो काढणारा दोन पावलं बाजूला झाला तेव्हा ती पुढच्या कुंपणाच्या मानानं किती सरकली. कुंपणाजवळच टांगलेली असती तर कुंपणाच्या मानानं फारशी सरकली नसती, मैलभर लांबची असती तर चांगलीच सरकली असती. निगेटिव्हच्या कडेला फ्रेमचे नंबर असतात, त्यावरून फोटोंचा क्रम कळला असता. यात रॉकेट सायन्स नाही, डार्करूममध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा. एका फोटोवर यातलं काही करता येत नाही. नेमका एकच उरलाय.

परग्रहवासी होते असं मी म्हणत नाहीये, उगाच मला त्या कळपात ढकलू नका. ती मंडळी तर खात्याच्या ढिलाईवर वर्षानुवर्षं जगतायत. फोटो हरवला की "बघा, लपवलं!" म्हणायला मोकळी. आणि खातं? त्यानं तबकड्यांच्या तक्रारी बघणारा विभागच २००९ मध्ये बंद केला. पन्नासहून अधिक वर्षांत एकाही तक्रारीतून देशाला धोका दिसला नाही म्हणे.

त्या फायलींतली फोटो देणाऱ्यांची नावं मात्र खासगीपणाच्या नियमाखाली अजून झाकलेली आहेत, पुढची कित्येक वर्षं झाकलेलीच राहणार. नियम आहे, मान्य. पण नाव इतकं सांभाळता येतं, मग निगेटिव्ह सांभाळायला काय धाड भरली होती?