फॉरमॅटच्या आधी बॅकअप का घेतला: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार पाहून वाईट वाटलं, पण तुम्ही प्रत्येक मुद्दा नीट मांडलाय, म्हणून उत्तरही सविस्तर देते. तुमची तक्रार थोडक्यात अशी: वडिलांचा लॅपटॉप फक्त फॉरमॅट करून विंडोज टाकायला दिला होता. बाहेर हे तासाभरात होतं, आम्ही दीड दिवस ठेवून घेतला. ‘सगळं डी ड्राइव्हला आहे, सी उडवा’ असं सांगूनही बॅकअप घेतला आणि त्याचे 800 रुपये वेगळे लावले. तुम्हाला ऑफिसात फोन करून बिटलॉकरची, म्हणजे विंडोजने डिस्कला लावलेल्या कुलपाची, की शोधायला लावली. शेवटी काकांना, म्हणजे तुमच्या वडिलांना, पाऊण तास बसवून कागदावर सही घेतली. वडिलांचे जुने मराठी लेख आणि खासगी कागदपत्रं आम्ही उघडून पाहिली असणार, असंही तुम्ही लिहिलंय.

तासाभराचं म्हणणं बरोबर आहे. पेनड्राइव्हवरून एसएसडीवर (हल्लीच्या लॅपटॉपमधल्या वेगवान डिस्कवर) विंडोज 11 टाकायला साधारण अर्धा तास पुरतो, ड्रायव्हर आणि अपडेट धरले की थोडा जास्त. तासात करून देणारा दुकानदार तुम्हाला फसवत नाही. पण त्याचा तास डिस्क पुसण्यापासून सुरू होतो. आमचा बहुतेक वेळ पुसण्याच्या आधी जातो, आणि तो तसाच जायला हवा असं माझं ठाम मत आहे. 14 ऑक्टोबर 2025ला विंडोज 10चा सपोर्ट संपला, तेव्हापासून विंडोज 11 टाकून घ्यायला येणारे खूप वाढलेत. जवळपास प्रत्येकाचं पहिलं वाक्य ‘यात विशेष काही नाहीये, उडवून टाका’ हेच असतं.

आता बिटलॉकरच्या कीबद्दल. लॅपटॉप आमच्याकडे आला तेव्हा विंडोज सुरूच होत नव्हतं, ‘ऑटोमॅटिक रिपेअर’च्या स्क्रीनवर फिरत होतं. अशा वेळी पेनड्राइव्हवरून मशीन चालू करून फाइल्स बाहेर काढाव्या लागतात. पण हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपची डिस्क मालकाच्या नकळत एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असते. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने पहिल्यांदा लॉगिन केलं की ते आपोआप सुरू होतं. मग बाहेरून डिस्क उघडायला गेलं की 48 आकडी रिकव्हरी की मागते. ती की आमच्याकडे नसते, लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीकडे नसते, आणि हरवली तर मायक्रोसॉफ्टही नवी काढून देत नाही. ज्या अकाउंटने लॅपटॉप सेटअप झाला त्या अकाउंटमध्येच ती सापडते. हा लॅपटॉप तुमच्या आयडीने सेटअप झाला होता, म्हणून फोन काकांना न करता तुम्हाला केला. तुम्ही संध्याकाळी की पाठवलीत आणि त्यानंतरच कॉपी सुरू झाली. की न मागता थेट फॉरमॅट मारणं आम्हाला सहज शक्य होतं, कारण पुसायला की लागत नाही. वाचवायला लागते.

‘फॉरमॅट झालं तरी डेटा परत काढता येतो’ असं तुम्ही फोनवर म्हणाला होतात. जुन्या हार्डडिस्कच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरं होतं. क्विक फॉरमॅटने फक्त फाइल्सची नोंद जायची, मजकूर जागेवर राहायचा, आणि त्यावर दुसरं काही लिहिलं गेलं नसेल तर सॉफ्टवेअरने तो काढता यायचा. एसएसडीत तसं होत नाही. फॉरमॅट करताना विंडोज डिस्कला ‘ट्रिम’ची कमांड देतं, म्हणजे ‘या जागा आता रिकाम्या समज’ असं सांगतं, आणि डिस्क त्या जागा स्वतःहून साफ करते. त्यात डिस्क एन्क्रिप्टेड असेल तर फॉरमॅटबरोबर तिची की जाते, म्हणजे मागे एखादा तुकडा उरला तरी तो वाचता येत नाही. नंतर लोक रडवेल्या चेहऱ्याने येतात, पेनड्राइव्हवरची रिकव्हरी सॉफ्टवेअर लावून बघा म्हणतात, आणि ‘काही सापडलं नाही’ हे आम्हाला त्यांच्या तोंडावर सांगावं लागतं. ते सांगणं मला अजिबात सोसत नाही.

डी ड्राइव्हचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण ही समजूत घरोघरी आहे. सी आणि डी या बहुतेक लॅपटॉपमध्ये दोन डिस्क नसतात, एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क गेली की दोन्ही जातात. आणि डीमध्ये नेहमी जपून ठेवलेलं असलं तरी रोजच्या वापरातलं सीमध्येच साठत राहतं. डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे सगळं मुळात सीमध्ये, युजर्स नावाच्या फोल्डरखाली असतं. आउटलुकची पीएसटी फाइल, म्हणजे ईमेलचा साठा, बहुधा तिथेच असते. क्रोमचे बुकमार्क ‘ॲपडेटा’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये असतात, जो नुसतं बघून दिसतही नाही. क्रोममध्ये सेव्ह केलेले पासवर्ड तर फोल्डर कॉपी करूनही नव्या विंडोजमध्ये उघडत नाहीत, कारण ते जुन्या विंडोजच्या युजर अकाउंटला बांधलेले असतात. ते आधीच गुगल अकाउंटला सिंक केलेले तरी हवेत, नाहीतर मशीन चालू असतानाच वेगळ्या फाइलमध्ये काढून घ्यायला हवेत. टॅली वापरणाऱ्यांना तर आम्ही डेटाच्या बॅकअपबरोबर फॉरमॅटच्या आधी लायसन्स सरेंडर करायलाही, म्हणजे त्या मशीनवरून सोडवून घ्यायलाही, सांगतो.

वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीवर, विसंबणाऱ्यांचंही तेच. फुकटची जागा 5 जीबी. ती भरली की अपलोड थांबतं, आणि त्यानंतरच्या फाइल्स फक्त लॅपटॉपमध्ये राहतात. फोल्डरवर वनड्राइव्हचं नाव दिसतं म्हणून माणूस निश्चिंत असतो.

आता तुमच्या वडिलांच्या लेखांबद्दल. लॅपटॉपमध्ये आणखी काय होतं ते मी इथे चारचौघांत लिहिणार नाही. लेखांचा उल्लेख तुम्हीच केलाय, म्हणून तेवढंच लिहिते. तुम्ही म्हणता तसे ते सगळे खरोखरच डीमध्ये होते. पण ते युनिकोडमध्ये, म्हणजे हल्ली सगळीकडे चालणाऱ्या मराठी टायपिंगमध्ये, नाहीत, श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले आहेत. श्रीलिपी हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर आपल्या पुण्यातलंच. नारायण पेठ, सदाशिव पेठेतल्या छापखान्यांची, लग्नपत्रिकांची, दिवाळी अंकांची कामं वर्षानुवर्षं अशाच फॉन्टांवर झाली आहेत. या फाइल्समध्ये देवनागरी साठवलेलीच नसते. आत रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात, आणि फॉन्ट त्यांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार दाखवतो. तो फॉन्ट सी ड्राइव्हमध्ये, विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये असतो. म्हणजे सी उडवला असता तर डीमधला एकही लेख हलला नसता, आणि एकही वाचता आला नसता.

काका दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात आले तेव्हा हेच त्यांच्यासमोर घडलं. आमच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नव्हता. त्यांनी एक लेख उघडला, तर स्क्रीनभर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. काकांचा चेहरा उतरला. बॅकअपमध्ये त्यांच्या लॅपटॉपचा फॉन्ट्स फोल्डर घेतलेलाच होता. त्यातला तो फॉन्ट आमच्या मशीनवर टाकला, फाइल बंद करून पुन्हा उघडली, आणि पहिल्या ओळीपासून मराठी दिसायला लागलं. त्यांनी मग शीर्षक वाचलं, खाली जाऊन शेवटचा परिच्छेद वाचला, आणि आणखी चार फाइल्स स्वतः उघडून पाहिल्या. पाऊण तास गेला तो यात. तेच फॉन्ट आता नव्या विंडोजमध्येही टाकून दिलेत. लेख वाचता, छापता येतील. नवीन टाइप करायचं असेल तर मूळ सॉफ्टवेअर त्याच्या लायसन्ससकट पुन्हा टाकावं लागेल, हेही काकांना सांगितलंय.

सही त्यासाठीच होती. त्या कागदावर कोणते फोल्डर घेतले, मूळ डिस्कवर किती फाइल्स आणि किती जीबी, बॅकअपमध्ये किती फाइल्स आणि किती जीबी, एवढंच लिहिलेलं असतं. दोन्ही आकडे जुळल्याशिवाय आणि मालकाने स्वतः काही फाइल्स उघडून पाहिल्याशिवाय आम्ही डिस्क पुसत नाही. कागदाची एक प्रत काकांकडे आहे, जरूर बघा.

खासगीपणाची तुमची शंका रास्त आहे आणि ती प्रत्येक ग्राहकाने विचारावी. आम्ही फोल्डर अख्खे कॉपी करतो, आतल्या फाइल्स उघडत नाही. उघडायचं काम मालकाचं, म्हणून तर काकांना बोलावलं, आणि ते बघत असताना स्क्रीन त्यांच्याकडे वळवलेली होती.

800 रुपयांबद्दल. मशीन घेताना दिलेल्या पावतीवर फॉरमॅट आणि बॅकअप या दोन वेगळ्या ओळी आहेत. एक मोठी फाइल झपाट्याने जाते, पण हजारो लहान फाइल्स आणि फोटो असले की कॉपी रात्रभर चालते. ती अडली तर कुठे अडली ते बघावं लागतं. स्वतः बॅकअप घेऊन येणाऱ्याकडून आम्ही हे पैसे घेत नाही, फक्त तो उघडून दाखवायला सांगतो. पुढच्या वेळी घरीच घ्यायचा असेल तर बाहेरची हार्डडिस्क लावा, ‘कट’ न करता ‘कॉपी’ करा, युजर्समधलं तुमच्या नावाचं फोल्डर लपवलेल्या फाइल्ससकट घ्या, डी घ्या, फॉन्ट्स घ्या, आणि मग ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून उघडून बघा. ज्या लॅपटॉपवरून कॉपी केली त्याच लॅपटॉपवर बघितलं तर फॉन्टसारखी उणीव लक्षात येत नाही.

‘ग्राहकाने नको म्हटलं तर ऐकायचं’ असं तुम्ही शेवटी लिहिलंय. दुसऱ्या कुठल्याही बाबतीत ऐकू. मात्र बॅकअप न घेता पुसायचं असेल तर ते काम आम्ही घेत नाही. मशीन तसंच परत देतो आणि एक रुपयाही लावत नाही. त्यामुळे काही गिऱ्हाइकं दुसरीकडे जातात, हे मला माहीत आहे.

काकांच्या फाइल्सची एक प्रत अजून आमच्या डिस्कवर आहे. काम दिल्यापासून पंधरा दिवस ती ठेवतो, मग पुसतो. तोपर्यंत काकांना सवडीने सगळे फोल्डर चाळायला सांगा, आणि काही कमी वाटलं तर लॅपटॉप घेऊन या, त्याचे पैसे लागणार नाहीत. प्रत आत्ताच पुसायला हवी असेल तर तसं सांगा, तुमच्यासमोर पुसू. आणि नवीन विंडोजची 48 आकडी की कागदावर उतरवून काकांच्या फाइलमध्ये ठेवून द्या. ती वेगळी आहे, तुम्ही पाठवलेली जुनी चालणार नाही.